आईंचं हायड्रेंजिया

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातला बर्फ सगळीकडून जातो. गॅरेजच्या उत्तरेकडच्या भिंतीला चिकटून एक मळका ढीग तेवढा उरतो, तोही रोज वीतभर आत सरकतो. गवत अजून पिवळं असतं. जमीन वरून मऊ लागते, पण खुरपं चार बोटं खाली गेलं की खणकन आवाज येतो, कारण आतली माती अजून गोठलेली असते. याच आठवड्यात मी गॅरेजमधून सिकेटर, छाटणीची कात्री, काढते, पात्यांना तेलाचा थेंब देते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या हायड्रेंजियाची छाटणी करते.

झाड लहान आहे. एकच सरळ खोड माझ्या कमरेपर्यंत येतं आणि तिथून वर छत्रीसारखा फांद्यांचा घेर. टोकांवर गेल्या वर्षीची फुलं अजून असतात, तपकिरी, चहाच्या चोथ्याच्या रंगाची. हात लागला की त्यांचा कागदासारखा आवाज होतो. प्रत्येक फांदीचे खालचे दोन डोळे ठेवायचे आणि वरचं सगळं उतरवायचं. जिथून कोंब फुटतो त्या जागेला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोळा म्हणायच्या. त्यांनीच मला हे शिकवलं. दरवर्षी छाटणी झाली की मी झाडाचा फोटो काढून त्यांना नागपूरला पाठवायची आणि मग फोन करायची. या वर्षी फोटो काढला आणि फोन हातात धरून पायरीवर बसून राहिले. आई जानेवारीत गेल्या.

हायड्रेंजिया हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. त्या त्याला 'तुहं झाड', म्हणजे तुझं झाड, म्हणायच्या. लावलं त्यांनी, जगवलं त्यांनी, पण म्हणताना तुहं झाड.

अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्या पहिल्यांदा अमेरिकेत आल्या, माझ्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. माझी मुलगी मैत्रेयी तेव्हा पाच वर्षांची होती. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे नवऱ्याच्या, प्रशांतच्या आईंनाच बोलवायचं ठरलं. सहा महिने राहायची परवानगी मिळाली. एका बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, सुती झबली आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली चार दुपटी, आणि दुसऱ्या बॅगेत त्यांची तीन पांढरी लुगडी आणि बुद्धाची वीतभर मूर्ती, एवढं घेऊन त्या उतरल्या. विमानतळावर बाहेरचा बर्फ बघून म्हणाल्या, "इथं माती कुठं आहे मग?"

मातीबद्दल त्यांनी विचारणं साहजिक होतं. नागपूरच्या एका सरकारी रोपवाटिकेत त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं होतं. आधी रोजंदारीवर, मग कायम. कलमं बांधणं, पिशव्या भरणं, छाटणी. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर सिकेटरने पडलेला एक घट्टा होता, शिंपलीसारखा. त्या कामावर त्यांनी प्रशांतला इंजिनीअर केलं. हे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. मला प्रशांतने सांगितलं, आणि त्यानेही लग्नानंतर चार वर्षांनी.

आमचं दोघींचं तोवर फारसं जमलेलं नव्हतं. भांडण कधी झालं नाही, पण बोलायला विषय नसायचा. मी नाशिकची, त्या नागपूरच्या. मी जास्त बोलणारी, त्या कमी. मी त्यांना 'अहो आई' म्हणायची आणि त्या मला सहसा नावाने हाक मारायच्याच नाहीत.

तारखेला दहा दिवस होते तेव्हा एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. मी गोड ज्यूस प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, वाट बघितली. मग हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ मशीन फिरवत राहिल्या आणि मग त्यांनी मशीनचा पडदा आपल्याकडे वळवून घेतला. त्यावरूनच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जन्मला. नर्सने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "डू यू वॉन्ट टु होल्ड हिम?"

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीबाहेर पार्किंग लॉट होता आणि एक बाई गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. तिचा कोट लाल होता. मला त्या कोटाची बटणंसुद्धा आठवतात. माझ्या मुलाचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी तो बघितलाच नाही. फोटो काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. प्रशांतने त्याला एक मिनिट घेतलं आणि तो बाहेर गेला. मग आई खुर्चीतून उठल्या, त्यांनी हात पुढे केले आणि नर्सने बाळ त्यांच्याकडे दिलं. हॉस्पिटलची माणसं न्यायला येईपर्यंत बाळ त्यांच्या मांडीवर होतं. मला पाठमोरीला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या हलक्या आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणत होत्या, अंगाई म्हणावी तसं, थांबून थांबून.

त्या वेळी मला वाटलं होतं, बघितलं नाही तर आठवणार नाही. माणूस स्वतःला वाचवायला काय काय करतो, आणि नेमकं त्याच जागी कायमचं अडकून पडतो.

तिसऱ्या दिवशी घरी मला दूध आलं. शरीराला बातमी पोचलेली नव्हती. मी बाथरूममध्ये उभी होते, टीशर्ट ओला, आणि मला काय करावं कळेना. आईंनी दार ढकललं, बघितलं आणि परत गेल्या. येताना त्यांच्या हातात आपल्या लुगड्याची फाडलेली रुंद पट्टी होती. त्यांनी माझ्या छातीला ती गुंडाळून बांधली. "लय घट्ट झालं तं सांग," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडे तीनच लुगडी होती.

मैत्रिणी डबे घेऊन येत. हवेबद्दल बोलत, मैत्रेयीच्या शाळेबद्दल बोलत. एकजण निघताना माझा हात धरून म्हणाली, "अजून वय आहे यार, होईल परत." तिचं मन वाईट नव्हतं. पण त्यानंतर कोणी आलं की मी झोपल्याचं सोंग घ्यायला लागले. प्रशांत पाचव्या दिवशी ऑफिसला जायला लागला. संध्याकाळी आला की गॅरेजमध्ये काहीतरी ठोकाठोक करत बसायचा. बाळाचा विषय आमच्यात निघाला नाही. नंतर तो न काढणं हीच सवय झाली.

आई दिवसभर खिडकीशी बसायच्या. मेच्या मध्यावर माती उघडी पडली तेव्हा प्रशांत त्यांना जवळच्या नर्सरीत घेऊन गेला, तेवढाच त्यांना बदल. परत आले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर हे झाड आडवं होतं. एका बाजूच्या दोन फांद्या मोडलेल्या, घेर तिरका. प्रशांत म्हणाला, "शंभर चांगली झाडं होती तिथे. आईने हेच उचललं."

त्यांनी खिडकीसमोर खड्डा घेतला. मी दारात जाऊन उभी राहिले. अंगावर तोच चार दिवसांचा पायजमा होता.

"आई, मला त्याच्या नावाचं झाड नकोय इथे."

त्यांनी मान वर केली नाही. मुळांचा गोळा हातांनी सैल करत होत्या. "कोणाच्या नावाचं नाई. जागा रिकामी होती. लावून रायली."

मी आत निघून गेले.

दोन आठवड्यांनी झाडाला पानं आली. हिरवी, कोवळी, कडा दातेरी. एका सकाळी भांडी घासताना मी खिडकीतून बघितलं तर आई सिकेटर घेऊन झाडापाशी उभ्या होत्या आणि फांद्या कापत होत्या. मोडलेल्या नव्हे, चांगल्या, पानं आलेल्या. एक कापली, दुसरी कापली. पायाशी हिरवा ढीग झाला. वर नुसती खुंटं राहिली.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी अनवाणी बाहेर धावले होते एवढं आठवतं, कारण गवत गार होतं आणि हॉस्पिटलातून आल्यापासून माझे पाय पहिल्यांदा जमिनीला लागत होते. मी त्यांचा हात धरला आणि ओरडले, "काय करताय तुम्ही? का कापताय? जिवंत होतं ते, चांगलं जिवंत होतं."

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आईंनी सिकेटर मिटून कमरेला खोचलं. मी त्यांचा हात सोडला नव्हता. मग मी तिथेच, त्या कापलेल्या फांद्यांवर बसले आणि रडायला लागले. त्या सहा आठवड्यांत मी रडले नव्हते. आई माझ्या शेजारी मातीत बसल्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त बसून राहिल्या. कुत्रं गप्प झालं, ऊन आमच्या अंगावर आलं, तरी बसून राहिल्या.

माझं रडणं थांबलं तेव्हा म्हणाल्या, "एका अंगाले वजन होतं. पुढच्या वाऱ्यात खोडच चिरलं असतं. दोन डोळे ठेवले आहेत खाली, पाह्य." त्यांनी अंगठ्याने दाखवलं. खुंटाच्या खाली, सालीवर, समोरासमोर दोन बारीक फुगवटे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. "फुटन."

"नाही फुटलं तर?"

"नाई फुटलं तं नाई फुटलं," त्या म्हणाल्या. "आपण पाणी घालू."

आणि त्यांनी पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला.

तो उन्हाळा असा गेला. सकाळी मैत्रेयी शाळेच्या समर कॅम्पला गेली की आम्ही दोघी बाहेर. आईंनी झाडाभोवती गोल आळं केलं होतं. पाणी खोडावर घालायचं नाही, आळ्यात घालायचं. वरची माती बोटाने बघायची, कोरडी लागली तरच. आळ्यात लाकडाचा भुगा पसरायचा, पण खोडापासून चार बोटं लांब. खोडाला आधाराची काठी, बांध आठाच्या आकड्यासारखा, म्हणजे साल घासत नाही. खोडावर मधेच कुठे फुटवा आला तर नखाने काढून टाकायचा, "नाईतं झाड विसरून जाते का त्याले वर जायचं आहे." मी ऐकत असे. या घरात तेव्हा मला तेवढंच ऐकून घेता येत होतं. झाडाची भाषा होती म्हणून आमचं बोलणं झालं. सून आणि सासू म्हणून ते झालं नसतं.

जूनमध्ये ते दोन डोळे फुटले. मी आईंना हाक मारायला आत पळाले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, "हूं" म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला परत गेल्या.

ऑगस्टच्या मध्यावर तीन फुलं आली. फुलं म्हणजे तुरे, कणसासारखे निमुळते, आधी पोपटी आणि मग पांढरेशुभ्र. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्या पांढऱ्या रंगाकडे मला बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. एकदा जोराचा पाऊस झाला आणि तुरे पाण्याने जड होऊन जमिनीला टेकले. आईंनी ते एकेक उचलून हलकेच झटकले. दोन्ही तळवे खाली धरून, तान्ह्या बाळाची मान सांभाळावी तसे. ते बघताना माझ्या ओठांवर प्रश्न आला. तो कसा होता? एवढाच प्रश्न. त्यांच्याशिवाय कोणाला विचारणार होते? प्रशांतने मिनिटभर बघितलं होतं, आणि त्याला विचारायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात मैत्रेयी आतून ओरडली, "आजी, आय ॲम हंग्री," आणि आई उठल्या.

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचे सहा महिने संपले. तुरे तोवर गुलाबी झाले होते. विमानतळावर त्यांनी मला सांगितलं, "थंडी पडाच्या आधी खोडाले जाळी लावजो. सशे साल खातात." मग पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

नंतरची वर्षं रविवारच्या फोनची. "जय भीम, आई." "जय भीम. झाड कसं आहे?" मी सांगायची, या वर्षी बारा तुरे, या वर्षी वीस. कधी पानांवर डाग पडले की फोटो पाठवायची. तो प्रश्न प्रत्येक फोनमध्ये माझ्याजवळ असायचा आणि प्रत्येक वेळी मी पानांबद्दल बोलायची. विचारायला उशीर झाला की दरवर्षी थोडा जास्त धीर लागतो, आणि तेवढा धीर कुठून आणायचा हे माहीत नसतं. आम्हाला पुढे मूल झालं नाही. मैत्रेयी मोठी होत गेली. आपल्याला एक भाऊ होणार होता, एवढं तिला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मग फोनवर मी एकटीच बोलायची. प्रशांत लगेच जाऊन आला. मी गेल्या नोव्हेंबरमध्ये तीन आठवडे नागपूरला नणंदेकडे राहिले. आई खाटेवर होत्या, कपाळ अजून तसंच रुंद, पण तोंड एका बाजूला ओढलेलं. नणंद म्हणाली, "कधी ओळखते, कधी नाही."

एका दुपारी नणंद बाजारात गेली होती. मी आईंना पेज भरवली, तोंड पुसलं, आणि मग विचारलं. दहा वर्षं सात महिन्यांनी.

"आई, तो कसा होता दिसायला? मी नव्हतं बघितलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. समजलं की नाही, मला कळेना. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला, तरी त्या बघतच होत्या. मग त्यांचा डावा हात पांघरुणातून वर आला. अंगठा माझ्या भुवईवर टेकला आणि भुवईच्या टोकापर्यंत गेला. मग दुसऱ्या भुवईवर. मग हात खाली आला आणि माझ्या हनुवटीवर जी लहान खळी आहे, तिच्यात बोट ठेवून त्या थांबल्या. मैत्रेयीला ती खळी नाही. प्रशांतला नाही.

ती नुसती माया असेल. आजारी माणूस हात लावतं चेहऱ्याला. हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं आहे. पण बोट तिथेच होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एका नाही, दोन्ही डोळ्यांतून.

जानेवारीत त्या गेल्या. प्रशांत एकटा गेला. मैत्रेयीची परीक्षा होती म्हणून मी थांबले. या हिवाळ्यात बर्फही खूप पडला, खिडकीच्या चौकटीपर्यंत. मी बाहेर गेलेच नाही.

त्याचं फळ गेल्या शनिवारी दिसलं. जाळी होती तिथेच होती, पण बर्फ तिच्याहून उंच साचला होता आणि सशांनी त्या बर्फावर उभं राहून जाळीच्या वरची साल खाल्ली होती. खोडाला जवळजवळ सगळीकडून. आतलं लाकूड पांढरं उघडं पडलं होतं. एका बाजूला बोटभर रुंदीची साल तेवढी शाबूत होती. पाणी वर जायला आता तेवढीच वाट.

तरी मी छाटणी केली. मैत्रेयी बाहेर आली. ती आता सोळा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. तिने वाकून खोड बघितलं.

"मॉम, इज इट गोइंग टु डाय?"

"माहीत नाही गं. कळेल जूनपर्यंत."

ती कापलेल्या फांद्या गोळा करायला लागली. आणि मी तिला सगळं सांगितलं. लाल कोट, खिडकी, आजीचा आवाज, नागपूरची दुपार, हनुवटी. आधी ठरवलं नव्हतं. ती फांद्या कवेत धरून उभी होती. माझ्या हनुवटीकडे बघत होती.

"व्हॉट वॉज हिज नेम?" तिने विचारलं.

"नाव नव्हतं गं. ठेवायच्या आधीच सगळं झालं."

"होतं," प्रशांत म्हणाला.

तो गॅरेजच्या दारात उभा होता. कधीपासून, ते मला माहीत नाही. हातात कचऱ्याची पिशवी होती. ती त्याने खाली ठेवली.

"हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना होता," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, झाडाकडे बघत. "रिकामा सोडला तरी चालेल म्हणाले. मला नाही सोडवला. मी सुगत लिहिलं."

मी सिकेटर मिटून आळ्याच्या कडेला बसले. शेवटी विचारलं, "आईंना माहीत होतं?"

"तिला सांगितलं होतं. तुला सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग कसं सांगायचं तेच कळेना."

मी उठून त्याच्याजवळ गेले.

मागून मैत्रेयीने ते नाव म्हणून बघितलं. "सुगट."

"ट नाही," प्रशांत म्हणाला. डोळे पुसून तो तिच्याकडे वळला. "जीभ दातांना लाव. त. गत."

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. मग फांद्या खाली ठेवून, डोळे मिटून, हळूहळू म्हटलं, आणि चौथ्या वेळी बरोबर आलं.